गावात ‘ओल्ड बेकरी’ आहे, बेकरी नाही : इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यात राहायला जाताना

आमच्या गल्लीत पाच घरं. ओल्ड बेकरी, ओल्ड फोर्ज, ओल्ड स्कूल हाउस, ओल्ड पोस्ट ऑफिस आणि आमचं. नंबर एकालाही नाही, नुसती नावं. पाव हवा तर सात मैल गाडी हाणायची, पोस्टाचं तिकीटही तिथेच, शाळेची बस सकाळी साडेसातला फाट्यावर. घरांची नावं म्हणजे गावात काय काय बंद पडलं त्याची यादीच. कुरियरवाल्याला या नावांचा उपयोग नाही, कारण एका पोस्टकोडात मैलभर पसरलेली पंधरा-वीस घरं असतात. म्हणून नव्या माणसाला माझा पहिला सल्ला साधा असतो : राहायला गेल्या दिवशी फाटकावर घराच्या नावाची पाटी लावा, टॉर्चच्या उजेडात रस्त्यावरून वाचता येईल अशी. रात्री ॲम्ब्युलन्सवाले तीच शोधत असतात.

मी मूळची वाईची. लंडनच्या कडेला हाउन्सलोत अकरा वर्षं काढली आणि आता आठ वर्षं कॉट्सवोल्ड या डोंगररांगेच्या उत्तर भागातल्या एका खेड्यात राहते. वस्ती तीनशेच्या आत. घरून काम करायची सोय सगळीकडे झाल्यापासून ‘आम्हालाही असं गावात यायचंय, काय काय बघायचं?’ असे फोन महिन्यातून एक-दोन तरी येतात. दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर बसलंय. शहरात आपण पैसे भरतो आणि कामं होतात. इथे बर्फ पडल्यावर चढाला मीठ टाकणं, हॉलच्या किल्ल्या सांभाळणं, चर्चमधली फुलं बदलणं, जुन्या लाल फोनबूथमध्ये ठेवलेल्या डिफिब्रिलेटरची, म्हणजे बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्याने चालू करणाऱ्या यंत्राची, बॅटरी तपासणं, हे सगळं कुणीतरी पाळीपाळीने फुकट करत असतं. आपल्याकडे शेतकरी सावड करतात ना, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तसंच. सावडीत न शिरताही गावात राहता येतं, पण मग ते महागडं हॉटेल होतं, आणि तेही वेटर नसलेलं.

घर बघायला फेब्रुवारीत जा

जूनमध्ये ही गावं बघून कुणीही भुलतं. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, दारावर गुलाब, ओढ्यात बदकं. तुम्ही फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी जा, संध्याकाळी सहा वाजता. रस्त्यावर दिवे नसतील. पायाखाली चिखल, हवेत ओल्या लाकडाच्या धुराचा वास. तेव्हा गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि किती खिडक्यांत उजेड आहे ते मोजा. अंधारी घरं बहुधा सुट्टीपुरती वापरली जाणारी किंवा पर्यटकांना भाड्याने दिलेली असतात. दहातली सहा अंधारी असतील, तर चित्रातलं गाव आहे, शेजार नाही. माझं मत विचाराल तर असं गाव सोडून द्या, घर कितीही गोड असलं तरी.

दुसरी फेरी ऑगस्टमधल्या शनिवारी मारा. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो तुम्ही फोटोत पाहिलेली असेल : १३८० च्या सुमाराला लोकरीसाठी बांधलेली इमारत, सतराव्या शतकात विणकरांची घरं झालेली. तिथे उन्हाळ्यात बसच्या बस रिकाम्या होतात. अशा गावात राहायचं तर स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे कॅमेरा धरलेला अनोळखी माणूस उभा असण्याची सवय करावी लागते. त्याच डोंगररांगेतली पाच मैल आडबाजूची गावं मात्र शांत असतात, कारण त्यांच्याकडे ओढा नसतो किंवा पूल नसतो. पर्यटकाला पाण्याशिवाय करमत नाही.

आणि लगेच विकत घेऊ नका. निदान एक हिवाळा भाड्याने काढा. काही गावांत तर भाड्याशिवाय पर्यायच नसतो. विल्टशरमधलं लॅकॉक १९४४ पासून जवळपास पूर्णच नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे.

घर यादीत आहे का, ते विचारा

जुन्या खेड्यातलं घर बहुतेक वेळा ‘लिस्टेड’ असतं, म्हणजे संरक्षित इमारतींच्या राष्ट्रीय यादीत नोंदलेलं. इंग्लंडमध्ये अशा सुमारे चार लाख नोंदी आहेत. ग्रेड एक, ग्रेड दोन-तारा आणि ग्रेड दोन असे तीन दर्जे. नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदी ग्रेड दोनच्या, त्यामुळे ‘फक्त ग्रेड दोन आहे’ असं एजंट हसत हसत म्हणतो. त्या ‘फक्त’वर जाऊ नका. ग्रेड कुठलाही असो, संरक्षण आतून-बाहेरून सगळ्या घराला असतं. जिना, दारं, शेकोटीची चौकट, कधी कधी अंगणातली जुनी शेडसुद्धा, १ जुलै १९४८ च्या आधीची असेल तर. इमारतीचं रूप बदलणारं काहीही करायचं तर आधी परवानगी. परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि कितीही दंड.

यातला खरा काटा पुढे आहे. आधीच्या मालकाने चोरून प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील, तर त्या काढून मूळ पद्धतीच्या लावण्याची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. म्हणजे तुम्हाला. म्हणून घर बघताना मोबाइलवर यादीतली नोंद उघडा आणि समोरच्या घराशी ताडून पाहा. नोंदीत नसलेलं काही दिसलं, तर त्याचे परवानगीचे कागद मागा. यादीत नसलेलं घरही ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’त, म्हणजे संरक्षित परिसरात, असू शकतं. ही तरतूद १९६७ च्या कायद्याने आली आणि लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड हे पहिलं क्षेत्र ठरलं. तिथे घर तर राहोच, जरा जाडसर झाडाची फांदी तोडायची तरी सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवावं लागतं.

सॉलिसिटरला, म्हणजे घराचा व्यवहार बघणाऱ्या वकिलाला, आणखी दोन गोष्टी हटकून विचारा. एक, आपल्या परसातून शेजाऱ्याला जाण्या-येण्याचा हक्क आहे का. असतो, बऱ्याचदा असतो, आणि तो शेजारी कोळशाची बादली घेऊन रविवारी सकाळी सातला तुमच्या चहाच्या टेबलाजवळून जातो. दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल : चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती. काही जमिनींवर मध्ययुगापासून हा बोजा आहे. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका शेतघराच्या मालकांकडे चर्चने सुमारे ९५ हजार पौंडांची दुरुस्ती मागितली, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि २००३ मध्ये मालक हरले. त्यानंतर नियम सुधारले, तरी शोध घ्यायला सांगा. त्याचा विमाही मिळतो आणि तो स्वस्त असतो.

छप्पर गवताचं असेल तर शाकारणारा माणूस आणि विमा कंपनी, दोघांशी बोलल्याशिवाय बयाणा देऊ नका. वरचा आढ्याचा भाग दहा-पंधरा वर्षांनी बदलावाच लागतो, आणि धुराडं दर वर्षी साफ करून त्याची पावती जपून ठेवावी लागते.

भिंतीला सिमेंट लावू देऊ नका

हा एवढाच मुद्दा लक्षात ठेवलात तरी माझं लिहिणं वसूल.

आमच्या स्वयंपाकघराची पश्चिमेकडची भिंत पहिल्या हिवाळ्यात ओली झाली. मी आपली हीटर लावतेय, खिडकी उघडतेय. ओल काही हटेना. बाहेरून पाहिलं तर दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटून आलेला, बोट लावलं की पिठासारखा खाली. बाजूच्या गावातल्या एका गवंड्याने पाहून सांगितलं, भिंतीत दोष नाही, सांध्यात आहे. कुणीतरी चाळीसेक वर्षांपूर्वी दगडांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, सिमेंटने भरल्या होत्या. जुनी भिंत अठरा-वीस इंच जाड, आत नुसता भराव, पाऊस थोडा आत शिरणारच. चुन्याच्या सांध्यातून तो वाऱ्याबरोबर परत बाहेर पडतो. सिमेंट वाट अडवतं, मग पाणी दगडातून निघतं, थंडीत तिथेच गोठतं आणि दगड फोडतं.

त्याने छिन्नीने सगळं सिमेंट काढलं, यंत्र न वापरता, आठ दिवस. मग चुना आणि भरड वाळू. आणि वर ओलं गोणपाट टांगलं, रोज दोनदा पाणी मारायचं, सावकाश सुकू द्यायचं. ते गोणपाट पाहून मी तिथेच हसायला लागले. वाईशेजारच्या आमच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात डागडुजी चालायची तेव्हा आजी आम्हाला दाखवायची, चुना कसा बैलांच्या घाणीत मळतात आणि वर ओलं पोतं का टाकतात. सात समुद्र ओलांडून तोच चुना आणि तेच पोतं. गवंड्याला सांगितलं तर त्याने घाणीत बैल किती असायचे ते विचारून घेतलं.

तर क्रम असा. घर घेण्याआधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या सर्व्हेयरकडून सविस्तर तपासणी करून घ्या. ओल दिसली की भिंतीत रसायनं टोचून देणाऱ्या कंपनीला पटकन बोलावू नका, आधी पन्हाळी वाहतायत का, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आलीय का, दर्जा कशाच्या आहेत ते बघा. चुन्याचं काम एप्रिल ते सप्टेंबरमध्येच, कारण ओला चुना थंडीने गोठला की गेला. चांगल्या गवंड्याकडे वर्षभराची रांग असते, म्हणून घराचा ताबा मिळायच्या आधीच नंबर लावा.

दारं बुटकी असतात, तेवढं सांगून ठेवते. वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून जायची सवय असलेल्यांना अडचण नाही. आमच्या ह्यांचं कपाळ मात्र अजून महिन्याला एकदा तुळईला भेटून येतं.

रॉकेल, मैला आणि मोबाइल

गावात गॅसची लाइन नसते. घर तापतं ते तेलावर, आणि ते तेल म्हणजे आपलं रॉकेलच. परसात हजार-दोन हजार लिटरची टाकी, टँकर येऊन भरून जातो, कमीत कमी ५०० लिटर घ्यावं लागतं. टाकी भरायचा विचार थंडी सुरू झाल्यावर करू नका. सप्टेंबरात भरा, आणि शक्यतो गावाबरोबर. बहुतेक खेड्यांत कुणीतरी एक जण सगळ्यांची मागणी गोळा करून एकदम भाव ठरवतो, टँकरची एकच फेरी होते, सगळ्यांना स्वस्त पडतं. त्या माणसाचं नाव काढणं हे पहिल्या आठवड्याचं काम.

आमच्या टाकीचा काटा अर्ध्यावर होता. छान, म्हटलं, फेब्रुवारीपर्यंत बघायला नको. डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे बॉयलर बंद. काटा अर्ध्यावरच, कारण तो किती तरी वर्षं तिथेच अडकलेला. शेजारचे निवृत्त शेतकरी आजोबा वीस लिटरचा कॅन घेऊन आले, ओतला, बॉयलरच्या नळीतली हवा काढून दिली, आणि जाताना भाजीच्या वाफ्यातली एक बांबूची काठी उपसून माझ्या हातात ठेवली. टाकीत बुडवायची, ओली किती झाली ते बघायचं. त्यावर त्यांनी चाकूने खाचा पाडून दिल्या : इथे आली की फोन कर, इथे आली की शेगडी पेटव. ती काठी अजून मागच्या दाराशी उभी आहे.

सांडपाण्याचंही तसंच. गटार नसेल तर सेप्टिक टँक असतो, वर्षातून एकदा उपसावा लागतो. २०२० पासून त्याचं पाणी थेट ओढ्यात सोडायला बंदी आहे, त्यामुळे घर घेतानाच पाणी कुठे जातं ते लेखी घ्या. पुऱ्या तळलेलं तेल बेसिनमध्ये ओतायचं नाही, ब्लीच बाटलीभर टाकायचं नाही. टाकीतले जंतूच सगळं काम करतात, ते मेले की परसात वास.

मोबाइलचा सिग्नल एजंटच्या शब्दावर सोडू नका. घराच्या प्रत्येक खोलीत उभं राहून फोन लावून बघा, जाड दगडाच्या भिंतीत तो मरतो. वायफायवरून कॉल करायची सोय चालू करून ठेवा. वीज गेली की १०५ हा नंबर, देशभर एकच. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर वीज कंपनीच्या प्राधान्य यादीत नाव घालून ठेवा, फुकट असतं. मेणबत्त्या, टॉर्च आणि गॅसची छोटी शेगडी घरात हवीच.

पहिले पंधरा दिवस

डॉक्टरांकडे नाव नोंदवा. सर्जरीची, म्हणजे इथल्या दवाखान्याची, हद्द ठरलेली असते, जवळची सर्जरी तुमची असेलच असं नाही. औषधाचं दुकान तुमच्या घरापासून १.६ किलोमीटरहून लांब असेल तर ग्रामीण भागात काही सर्जऱ्या स्वतःच औषधं देतात, ते विचारून घ्या. वाचेल ती चक्कर मोठी असते.

मतदार यादीत नाव घाला. भारतीय पासपोर्टवर, ब्रिटनचा वैध व्हिसा असेल तर, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून आपल्याला इथे मत देता येतं, संसदेपासून गावापर्यंत. हे कितीतरी मराठी लोकांना दहा-दहा वर्षं माहीत नसतं. मतदानाला ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो.

भारतातल्या लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. लंडनमध्ये ट्यूबवर दिवस ढकलता येतात, इथे गाडीशिवाय हातपाय तोडल्यासारखं होतं, म्हणून परीक्षेची तारीख आल्या आल्या धरा. आमच्या जवळचं स्टेशन मोर्टन-इन-मार्श, तिथून लंडनचं पॅडिंग्टन दीडेक तास. स्टेशनपर्यंतची बस दिवसातून मोजून चार, रविवारी एकही नाही.

गल्लीतले रस्ते एका गाडीपुरते असतात. समोरून गाडी आली की ज्याच्या जवळ रुंद जागा आहे त्याने मागे घ्यायची आणि दोघांनी हात वर करायचा. हात न करणारा माणूस गावाच्या लक्षात राहतो. घोडा दिसला की वेग ताशी दहा मैलांवर, आणि ओलांडताना किमान दोन मीटर अंतर. हॉर्न तर मुळीच नको.

शेजार

कुणी ओळख करून द्यायला येईल म्हणून वाट बघू नका. कधी येतात, कधी येत नाहीत, त्यात राग नसतो. तुम्हीच दारोदार जा, नाव सांगा, पाच मिनिटांत निघा. रस्त्यात दिसेल त्याला ‘मॉर्निंग’. पुढचं बोलणं हवेबद्दल. हवेबद्दल बोलणं म्हणजे वेळकाढूपणा नव्हे, ‘माझ्याकडे बोलायला वेळ आहे’ असं कळवायची ती रीत आहे.

भाषा मात्र उलटी वाचायला शिका. ‘कधीतरी या ड्रिंकला’ हे आमंत्रण नसतं, दिवस आणि वेळ सांगितली तरच ते खरं. ‘जरा वाईट वाटलं’ म्हणजे माणूस भयंकर चिडलाय. आणि गाड्या लावायच्या जागी ‘पोलाइट नोटीस’ अशी पाटी दिसली, तर ती पुणेरी पाटीची सख्खी बहीण समजा.

तक्रारीबद्दल एकच सांगते. चर्चची घंटा, कोंबडा, ऑगस्टात रात्री अकरापर्यंत चालणारं कापणीचं यंत्र, शेतात पसरलेल्या शेणखताचा वास, हे सगळं तुमच्या आधीपासून आहे. नव्याने येऊन घंटेविरुद्ध अर्ज करणारा माणूस गावाला आयुष्यभर पुरतो. मला घंटेचं काही वाटलं नाही. मेणवलीच्या घाटावरच्या देवळात लहानपणी जी घंटा ऐकली, ती चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीजांच्या चर्चची.

पंचायतीच्या बैठकीला जा

१८९४ च्या कायद्याने गावोगाव पॅरिश कौन्सिल आलं. ग्रामपंचायतच म्हणा, फक्त सरपंचाच्या गाडीवर पाटी नाही. निवडून आलेले पाच-सात लोक बिनपगारी, एक अर्धवेळ कारकून पगारी. बाकं, खेळाचं मैदान, दफनभूमी, सूचनाफलक त्यांच्याकडे. कचरा आणि बांधकाम परवानग्या डिस्ट्रिक्टकडे (आपल्या तालुक्यासारखं), रस्ते आणि शाळा काउंटीकडे (आपल्या जिल्ह्यासारखी). खड्ड्याची तक्रार पंचायतीकडे केलीत तर ते ऐकून घेतील, पण खड्डा तिथेच राहील.

बैठक व्हिलेज हॉलमध्ये, सहसा महिन्या-दोन महिन्यांनी, सगळ्यांना खुली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाळीस मिनिटं एका बाकावर चर्चा झाली : ओढ्याकडे तोंड करून ठेवायचं की रस्त्याकडे. मला कंटाळा यायला हवा होता, पण त्या चाळीस मिनिटांत कुणाची कुणाशी सोयरीक, कुणाचं कुणाशी वाकडं आणि कुणाच्या शब्दाला वजन, सगळं समजलं. शेजाऱ्याच्या बांधकामाचा अर्ज आला असेल तर त्यावर मत मांडायची जागाही हीच, आणि ते बैठकीत बोलण्याआधी शेजाऱ्याच्या तोंडावर सांगितलेलं असावं.

पायवाटा

गावाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पायवाटा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार मैलांचे असे हक्काचे रस्ते आहेत. जमीन खाजगी, वाट सगळ्यांची. आपल्याकडच्या पाणंदी जशा बांधाबांधाने अतिक्रमणात गेल्या, तसं इथे फारसं झालं नाही, कारण वाट नकाशावर नोंदलेली असते आणि लोक ती तुडवत राहतात. पिवळा बाण म्हणजे पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा कागदी नकाशा घ्या, त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात.

फाटक जसं होतं तसं ठेवा, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. वासरांसोबतच्या गाईंपासून लांबून जा. कुत्रा असेल तर मेंढ्यांजवळ दोरीने धरा, मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो आणि काही परिस्थितीत कायदा त्याच्या बाजूने असतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पहिल्याच आठवड्यात घ्या.

एप्रिलमध्ये ओढ्याकाठच्या झाडीत रानलसणाचा वास सुटतो. पानं खुडून शेंगदाण्याबरोबर ठेचा करा, फार झकास होतो. पान चुरगाळून लसणाचा वास आला तरच घ्या, आणि एकेक पान बघून, कारण त्याच गर्दीत लॉर्ड्स अँड लेडीज नावाची विषारी वनस्पती उगवते. मुळासकट उपटायचं नाही. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

आमच्याकडे राहायला आलात तर एक फेरी डेल्सफर्डच्या चर्चकडे न्या. बंगालचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जने १७८८ मध्ये आपल्या घराण्याची ही जुनी जहागीर परत विकत घेतली आणि तो तिथेच पुरलेला आहे. वडगाव आणि सालबाईचे तह, नानांचं सगळं राजकारण ज्याच्याशी झालं, तो माणूस. वारला २२ ऑगस्ट १८१८ ला, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने शरणागती दिली त्याच उन्हाळ्यात. त्याचं घर सॅम्युअल पीप्स कॉकरेल या वास्तुकाराने बांधलं, त्यानेच पुढे आपल्या भावासाठी जवळच सेझिनकोट हा मुघली घुमटाचा वाडा उभा केला. भाऊ ईस्ट इंडिया कंपनीचा. मेणवलीच्या मुलीने हेस्टिंग्जच्या कबरीशेजारी बसून थर्मासातला चहा प्यावा, हे नानांना कसं वाटलं असतं कोण जाणे.

पब, चर्च, क्रिकेट, यांपैकी एक तरी

पबमध्ये टेबलाशी बसून वेटरची वाट बघू नका, गल्ल्यावर जाऊन मागायचं. दारू पीत नसाल तरी हरकत नाही, लिंबाचं सरबत घेऊन क्विझला बसा. गल्ल्याच्या कोपऱ्यातलं स्टूल मोकळं दिसलं तरी ते कुणाचं तरी असतं.

चर्चला जायला ख्रिस्ती असावं लागत नाही. आमच्या गावात घंटा वाजवणाऱ्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून मी दोन वर्षं दोरी ओढली. सहा घंटा, सहा माणसं, गाणं नाही, नुसती क्रमवारी बदलत जायची. खांदे भरून येतात आणि डोकं मोकळं होतं. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी युद्धस्मारकापाशी सगळं गाव उभं राहतं, त्या दिवशी घरात बसू नका.

आणि क्रिकेट. अकरावा माणूस कमी असतोच, दर शनिवारी. खेळता येत नसेल तर गुण लिहा, नाही तर चहा सांभाळा. चहा म्हणजे मध्यंतरातलं खाणं, बावीस माणसांचं, पाळीने. पहिल्या वेळी मी हौसेने तिखट बटाटेवडे नेले आणि समोरच्या संघाचा गोलंदाज पाणी पीत बाहेर बसला. आता वडे कमी तिखट आणि शेजारी काकडीची सँडविच. दोन्ही संपतात.

फोडणी

लहान खोल्या, बुटकी छतं, एक खिडकी. हिंगाची फोडणी दिली की गोधडीपर्यंत वास जातो आणि धुराचा अलार्म ओरडतो. लिस्टेड घराच्या भिंतीला भोक पाडून पंखा बसवता येत नाही, परवानगी काढावी लागते. आम्ही तोवर मागच्या पडवीत विजेची शेगडी ठेवली, तळण आणि फोडणी तिथेच. डाळी, पीठ, तांदूळ यांची मोठी खरेदी दोन महिन्यांनी ऑक्सफर्डला, कढीपत्ता फ्रीजरमध्ये. अंडी गल्लीतल्या फाटकावर मिळतात, शेजारी पैशांचा डबा ठेवलेला असतो, राखायला कुणी नाही. सुटे पैसे घरात ठेवत जा, उधारी चालते पण शोभत नाही.

दिवाळीच्या रात्री फटाके एक वाजेपर्यंत उडवायला कायद्याने मुभा आहे. एरवी अकरापर्यंतच. पण गवताची छपरं आणि तबेले असलेल्या गावात कायदा पाहून फटाके उडवायचे नसतात. आम्ही मैदानावर, फुलबाज्या आणि दोन-चार आवाज न करणारी झाडं, एवढंच करतो. तारीख आदल्या आठवड्यात सूचनाफलकावर लावते, आणि खालच्या तबेल्याच्या बाईंना घरी जाऊन सांगते, लाडूंचा डबा घेऊन. त्या त्या रात्री घोडे आत बांधतात. डबा आठवड्याभराने परत येतो, कधी अंडी घालून, कधी सफरचंदं. रिकामा डबा परत करू नये, हे त्यांना कुणी शिकवलं मला माहीत नाही, मी तर नाही.